वीज दिसली, गडगडाट नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी असतील आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही असं ठरवूनच लिहायला घेतली आहे. पण माणूस गेल्यावर वह्या सापडतात, म्हणून माफी मागून ठेवलेली बरी.

मी सैनिक नव्हते. सैनिकांमध्ये वीसेक वर्षं नोकरी केली. पुण्याच्या हवाई तळावर हवामान सेक्शनमध्ये मी लस्कर होते. लस्कर म्हणजे वर्दीवाल्यांच्या हाताखाली काम करणारं नागरी माणूस. त्या जागेवर आधी माझे पती होते. ते काविळीने गेले तेव्हा माझा मिलिंद दुसरीत होता. त्यांच्या जागी मला घेतलं. पहिल्या दिवशी गेटवरच्या गार्डने विचारलं, "किधर?" मी पास पुढे केला, बोलले नाही. पुढची बरीच वर्षं माझं असंच चाललं. कुणी विचारलं तर उत्तर, नाहीतर गप्प.

माझं काम फुग्यांचं होतं. वर वारा कुठून कुठे वाहतो ते बघायला रोज मोठा रबरी फुगा सोडतात. त्यात हायड्रोजन गॅस भरतात. हा गॅस ठिणगीने पेट घेतो, म्हणून फुग्याची शेड धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला, कुणाच्या अध्यातमध्यात नाही अशी. शेडमध्ये नायलॉनची साडी चालायची नाही, सुतीच पाहिजे. हातात बांगड्या नकोत, पायात जोडवी नकोत, चपलेला खिळा नको. आधीच्या एका बाईने जोडवी काढायला नकार दिला म्हणून ते काम तिच्याकडून गेलं. माझ्या पायात तेव्हा जोडवी नव्हतीच. मी फुगा भरून तोंड बांधायचे आणि कॉर्पोरल यादव सांगेल तेव्हा सोडायचे. तो दुर्बिणीच्या यंत्रातून फुग्यामागे डोळा लावून बसायचा. फुगा दिसेनासा झाला की माझं काम संपलं. मग ऑफिसात येऊन केर काढायचा, नकाशे टांगायचे, चहा ठेवायचा.

ऑफिसात अंदाज लिहिणारी माणसं दोन. एक वॉरंट ऑफिसर परचुरे, दुसरे ज्युनियर वॉरंट ऑफिसर भोसले.

परचुरे साहेब सदाशिव पेठेतले. रोज स्कूटरवरून यायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांचं बोलणं कमी आणि जे असेल ते तिरकस. एकदा एक तरुण पायलट खिडकीत डोकावून म्हणाला, "परचुरे सर, आज छत्री आणू का?"

"आणा," साहेब वर न बघता म्हणाले. "लँडिंग तुमचं आहे ना? तोंड लपवायला उपयोगी पडेल."

पायलट हसत गेला. परचुऱ्यांचा टोमणा खाल्ला नाही तो दिवस पायलट लोकांना चुकल्यासारखा वाटायचा.

ऑफिसच्या फोनवर अधूनमधून बाहेरचेही फोन यायचे. नियमात बसत नव्हतं, पण पेठेतल्या ओळखीच्या लोकांना नंबर ठाऊक होता. कुणाच्या मुलीचं लग्न असे. "कार्यालय घेतलंय ना?" साहेब विचारत. "वर छप्पर आहे ना? मग पाऊस पडला काय आणि नाही काय, जेवा सावकाश." फोन ठेवून टाकत. पण एका आजींचा उन्हाळ्यात पापडांसाठी फोन यायचा, तेव्हा खुर्चीत सरळ बसत. "आजी, आज गच्चीवर घाला. चारच्या आत काढा. चार म्हणजे चार." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पायलटांसमोर सांगत, "पापड वाचले."

हे सकाळचं सांगणं म्हणजे आमच्या सेक्शनची एक पद्धत होती. ती त्यांनीच सुरू केली. रोज सातच्या ब्रीफिंगला पायलट आणि टॉवरचे लोक जमायचे. बाकी सगळीकडे फोरकास्टर उभा राहतो आणि आजचा अंदाज सांगतो. आमच्याकडे आधी कालचा अंदाज काय होता ते सांगायचं, मग प्रत्यक्ष काय घडलं ते सांगायचं, आणि शेवटी एक शब्द, बरोबर किंवा चूक. मगच आजचं. परचुरे साहेब याला हजेरी म्हणायचे. म्हणायचे, काल आपण वर्गात होतो की नाही ते आधी सांगा, मग आजचा धडा.

हजेरीला मी दाराशी उभी राहायचे. एक दिवस त्यांनी यादवला सांगितलं, "एक खुर्ची मागे ठेव. फुगा ज्यांनी सोडला त्या उभ्या, आणि ज्यांनी नुसता चहा प्यायला ते बसलेत." माझे कान गरम झाले. मला बसायचं नव्हतं. पण बसले नाही तर ते अजून बोलतील या भीतीने बसले. त्यानंतर ती खुर्ची माझीच झाली.

पहिल्यांदा "चूक" हा शब्द एका वर्दीतल्या माणसाने इतक्या लोकांसमोर स्वतःबद्दल उच्चारलेला ऐकला तेव्हा मला धक्का बसला होता. पुढे सवय झाली. ते चूक म्हणत आणि पान उलटत. चेहऱ्यावर काही नसे.

त्या वर्षांत पुणं भराभर बदलत होतं. मी लागले तेव्हा तळावर लढाऊ विमानंच जास्त. त्याच धावपट्टीवर दिवसातून एकदोन प्रवासी विमानं यायची. मग खाजगी कंपन्या आल्या. हिंजवडीकडे कॉम्प्युटरच्या इमारती उठल्या. गळ्यात पट्टा, खांद्याला काळी बॅग अशी पोरं सकाळी बंगलोरला जाऊन संध्याकाळी परत यायला लागली. विमानं वाढली तसा आमच्या सेक्शनचा फोनही वाढला.

कंपन्यांची तक्रार अशी होती. आम्ही गडगडाटी वादळाचा इशारा दिला की येणारं विमान जास्तीचं इंधन भरून निघतं, कारण इथे उतरता आलं नाही तर हवेत थांबावं लागेल. इंधन जास्त म्हणजे वजन जास्त. मग तेवढं सामान किंवा माणसं खाली ठेवावी लागतात. एवढं करून वादळ आलंच नाही तर ते चिडायचे. त्यांचंही खोटं नव्हतं. कुणाचं तरी सामान राहायचं, कुणाची तरी आई वाट बघत राहायची.

त्याच सुमारास सेक्शनला नवीन ऑफिसर आल्या, स्क्वाड्रन लीडर मेनन मॅडम. वयाने लहान, हुशार, कामाला वाघ. त्यांनी कॉम्प्युटर आणले आणि भिंतीवर पांढरा फळा लावला. आपले अंदाज किती चांगले आहेत ते मोजायचं, असं ठरलं. प्रत्येक फोरकास्टरच्या नावापुढे महिन्याचे टक्के. शंभर अंदाजांत किती बरोबर, एवढंच.

भोसले साहेब साताऱ्याकडचे, जाडजूड, मनाने मऊ. त्यांना फळ्याची भीती बसली. पहिल्या महिन्यात ते खाली होते. दुसऱ्या महिन्यात वर गेले. परचुरे साहेबांनी चहा पिताना विचारलं, "काय भोसले, आकाशवाणी व्हायला लागली काय?"

"आकाशवाणी कसली वो," भोसले म्हणाले. "गडगडाट लिवायचाच बंद केला. मे महिन्यात गडगडून गडगडून किती दिवस गडगडंल? चार. बाकी सत्तावीस दिवस आपलं बरोबरच की."

"मग तुमची तरी गरज काय? भिंतीवर कॅलेंडर लावू. त्याला पेन्शन पण द्यावी लागत नाही."

"तुम्ही हसा. माझं नाव वर हाय."

भोसले वाईट नव्हते. घाबरले होते. आणि घाबरायला कारण होतं. उत्तरेत डोंगरावर एक तळ होता. तिथे एक फोरकास्टर पाहिजे होता आणि आमच्या सेक्शनमधून एक जायचा होता. यादी केली तर नावं दोनच. भोसल्यांच्या बायकोला महिन्यापूर्वी मुलगा झाला होता. परचुऱ्यांची मुलगी मृणाल बारावीला होती, आणि त्यांची पेन्शन दोन वर्षांवर आली होती. शेवटची दोन वर्षं घरी काढायची असं त्यांनी वहिनींना कबूल केलं होतं. दोघांनाही जायचं नव्हतं. दोघांनीही तसं तोंडाने सांगितलं नाही.

मॅडमनी दोघांना बोलावलं. मी नकाशे टांगत होते. त्या म्हणाल्या, "कोणाला पाठवायचं हे मी मनाने ठरवलं तर कुणावर तरी अन्याय होईल. मे महिन्याचे टक्के बघू. कमी असतील ते जातील. मंजूर?"

"मंजूर," परचुरे म्हणाले.

"जी मॅडम," भोसले म्हणाले.

मे महिना सरत आला. भोसल्यांच्या चुका म्हणजे न सांगता आलेले गडगडाट. परचुऱ्यांच्या चुका म्हणजे सांगून न आलेले. एकीत विमान बेसावध सापडतं, दुसरीत थोडं इंधन जास्त जळतं. पण फळ्यावर दोन्ही फुल्या सारख्याच दिसायच्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी फळ्यावर दोघे बरोबरीत होते. त्या दिवशी ड्यूटी परचुऱ्यांची होती. अंदाज बरोबर आला तर ते वर राहणार होते. चुकला तर उत्तरेला जाणार होते.

मी दुपारचा फुगा सोडला. तो आधी पूर्वेला गेला आणि वर गेल्यावर एकदम वळला. यादव यंत्राला डोळा लावून म्हणाला, "ताई, ऊपर कुछ गडबड है." आम्ही आकडे घेऊन ऑफिसात गेलो. परचुरे साहेबांनी ते कागदावर मांडले, नकाशा बघितला, मग बाहेर ओट्यावर जाऊन दक्षिणेकडे बघत उभे राहिले. कात्रजच्या डोंगरावर ढगाचं एक टेंगूळ उठलेलं होतं. ऊन रणरणतं होतं आणि वारा पडला होता.

भोसले साहेबांची त्या दिवशी सुट्टी होती. तरी ते आले होते आणि बाकावर बसून होते. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

परचुरे आत आले, खुर्चीत बसले आणि अंदाज लिहिला. पंधराशे ते सतराशे, म्हणजे तीन ते पाच, तळावर गडगडाटी वादळाची शक्यता, जोराचा वारा. यादवच्या हातात देऊन म्हणाले, "पाठव."

यादव उभाच राहिला. "सर, आज आखरी दिन है."

"मला कॅलेंडर कळतं. पाठव."

भोसले बाकावरून उठले. "साहेब, ढग कात्रजवर हाय. तिथनं हिकडं येईलच असं न्हाई. मोकळं लिवलं तर कुणी नाव ठेवणार न्हाई."

"आणि आलं तर?"

भोसले परत बाकावर बसले.

"बंगलोरचं विमान साडेचारला आहे," परचुरे म्हणाले. "त्याचा कॅप्टन आत्ता तिकडे इंधन किती भरायचं ते विचारतोय. त्याला काय सांगू, भिंतीवर फळा आहे म्हणून मोकळं?"

अंदाज गेला. पाच मिनिटांत विमान कंपनीचा फोन आला. पलीकडचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "होय. सामान उतरवावं लागेल. मला दिसतं ते मी लिहिलं. आपण आपल्या कॅप्टनला विचारा." मेनन मॅडमनी केबिनमधून बघितलं. लढाऊ विमानांची दुपारची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, रद्द झाली. पायलट कुरकुरत कँटीनला गेले.

तीन वाजले. ऊन तसंच होतं. साडेतीन वाजले. कात्रजवरचा ढग ऐरणीसारखा वर पसरला आणि खडकवासल्याच्या दिशेला सरकायला लागला. म्हणजे आमच्यापासून दूर. मी साहेबांकडे बघितलं नाही. त्यांना दिसत होतंच.

चार वाजता त्यांनी मला बोलावलं. "ताई, वारा सुटेल. शेडमधले सिलिंडर बांधून या. लवकर या."

मी पलीकडे गेले. सिलिंडरना साखळी लावली, दाराला कडी घातली, तेवढ्यात वारा आला. आधी धूळ दिसली, भिंतीसारखी, मग अंगावर आली. तो वादळाच्या पोटातून सुटलेला गार वारा होता. ढग दूर होता, पण वारा आमच्याकडे पोचला होता. मला शेडच्या आडोशाला बसावं लागलं. तिथून आकाश स्पष्ट दिसत होतं. दक्षिणेला सगळं काळं झालं होतं आणि त्या काळ्यात वीज चमकत होती. एकदा, मग पुन्हा, मग पुष्कळदा. मी कान देऊन ऐकत होते. मनात म्हणत होते, एकदा तरी वाजू दे.

धूळ जरा बसल्यावर मी ऑफिसात परतले. जवळच्या हँगरसमोर एका लढाऊ विमानाचं इंजिन तपासणीसाठी चालू होतं. तो आवाज असा की बाहेर माणूस कानाशी बोललं तरी ऐकू येत नाही. सगळे खिडक्या लावून आत मोठ्या केलेल्या रेडिओभोवती उभे होते. बंगलोरचं विमान आलं होतं आणि वाऱ्यामुळे उतरू शकत नव्हतं.

"टॉवर, मेट," परचुरे इंटरकॉमवर म्हणाले. मेट म्हणजे हवामानवाले, आम्ही. "वारा अजून वीस-पंचवीस मिनिटं. नंतर पडेल."

"मेट, टॉवर. कन्फर्म वीस-पंचवीस?"

"कन्फर्म."

टॉवरने कॅप्टनला इंग्रजीत विचारलं, किती वेळ थांबू शकता. कॅप्टनचा आवाज शांत होता. यादवने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "बोल रहा है, चालीस मिनट. एक्स्ट्रा फ्यूल लेके आया है." मग म्हणाला, "नहीं लाता तो पंद्रह."

विमान पूर्वेला लोणीच्या बाजूला घिरट्या घालत राहिलं. मेनन मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या. परचुरे साहेब वाऱ्याच्या काट्याकडे बघत होते. मी फक्त त्यांच्या हाताकडे बघत होते. पेनचं टोपण उघडायचे, लावायचे.

वारा पडला. टॉवरने परवानगी दिली. विमान उतरलं. चाकांचा धूर उठला आणि विमान सरळ पुढे पळत गेलं. भोसले साहेब खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

पाच वाजता यादव दिवसाची नोंद लिहायला बसला. तेव्हा प्रश्न आला. नियम असा आहे की वीज कितीही दिसली तरी तळावर वादळ झालं असं धरत नाहीत. गडगडाट कानाने ऐकू आला पाहिजे. सेक्शनमधल्या कुणीही ऐकला तरी चालतो, पण ऐकला पाहिजे. पाऊस तर एक थेंब पडला नव्हता.

यादव म्हणाला, "सर, इंजन रन चल रहा था. उसके पीछे थंडर होगा ही. मैं 'हर्ड' लिख देता हूं."

"तू ऐकलास?"

"सर, होगा ही."

"मी तुला झाला असेल का विचारलं नाही."

तेवढ्यात भोसले साहेब म्हणाले, "लिवा की गडगडलं म्हणून. एवढा वारा आला, विमान वाचलं. कोण बघायला आलंय?" ते हे स्वतःच्या विरुद्ध बोलत होते. परचुरे वर राहिले तर भोसल्यांना जावं लागणार होतं, दोन महिन्यांचं बाळ सोडून. तरी ते मनापासून बोलले. मी ते ऐकलं म्हणून लिहिते.

परचुरे साहेबांनी खोलीत नजर फिरवली. "इंजिनाच्या आवाजात इथे कुणालाच काही ऐकू आलं नाही. पलीकडे कोण होतं?" मग माझ्याकडे वळले. "ताई, आपण शेडपाशी होतात. तिथे इंजिन ऐकू येतं?"

"लांबून येतं. थोडं," मी म्हणाले.

"गडगडाट ऐकलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मेनन मॅडमही. यादवने मान हलवली, हो म्हणा म्हणून. इतक्या लोकांनी माझं ऐकायला एकदम गप्प बसावं असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर साहेब घरी राहिले असते, मृणालची परीक्षा झाली असती, स्कूटर रोज गेटातून आत आली असती. पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. ते मला हो म्हणायला सांगत नव्हते. विचारत होते.

"वीज दिसली," मी म्हणाले. "पुष्कळदा दिसली. आवाज आला नाही."

"नक्की?"

"कान देऊन ऐकत होते साहेब. नाही आला."

त्यांनी मान डोलावली. "यादव, लिही. दक्षिणेला वीज दिसली, गडगडाट नाही." आणि मला म्हणाले, "आता चहा ठेवता का? भोसल्यांना साखर जास्त."

दुसऱ्या दिवशी सातला ते नेहमीसारखे उभे राहिले. "कालचा अंदाज, तीन ते पाच, तळावर गडगडाटी वादळ. वादळ कात्रज आणि खडकवासल्यावर झालं. तळावर फक्त वारा. चूक." मागून एक पायलट म्हणाला, "सर, त्या विमानाला विचारा चूक का बरोबर." साहेब म्हणाले, "विमान आपल्या धावपट्टीवर उतरतं, कात्रजच्या तळ्यात नाही. अंदाज तळाचा होता. चूक." पान उलटलं.

ब्रीफिंगनंतर मॅडमनी त्यांना थांबवलं. त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात. म्हणाल्या, "परचुरेजी, टक्के मोजण्यात माझी गफलत झाली. सांगून न आलेलं आणि न सांगता आलेलं, दोन्ही एकाच मापाने मोजायला नको होतं. मी हा महिना रद्द करते."

"नको मॅडम," ते म्हणाले. "नियम ठरला तेव्हा मी मंजूर म्हणालो होतो. माझ्यावर आला म्हणून रद्द करायचा नाही. पुढच्या महिन्यापासून बदला. बदला मात्र नक्की."

मॅडमनी बदलला. टक्के पुसले आणि तीन रकाने केले. सांगितलं आणि आलं, सांगितलं आणि आलं नाही, आलं पण सांगितलं नव्हतं. कंपन्यांच्या लोकांना बोलावून त्यांनी स्वतः समजावलं की कुठल्या रकान्यावरून इंधन ठरवायचं. फोन कमी झाले. पुढच्या उन्हाळ्यात भोसले साहेबांनी गडगडाट लिहिला, तो आला नाही, आणि सकाळी सगळ्यांसमोर उभे राहून ते म्हणाले, "चूक." त्यांचा आवाज जरा चिरकला. पण म्हणाले.

परचुरे साहेब तोवर वर डोंगरात होते. जाताना स्कूटर भोसल्यांना वापरायला देऊन गेले. म्हणाले, "हिला सवय आहे, वाट सांगावी लागत नाही. तुम्ही मधे बोलू नका." तिथून त्यांचा महिन्यातून एकदा सेक्शनला फोन यायचा. इथे बर्फ पडेल म्हटलं की पडतंच, माणूस बिघडतो, असं म्हणायचे. माझी चौकशी करायचे. यादव फोन माझ्या हातात द्यायचा. मी "बरं आहे साहेब" एवढंच म्हणायचे. ते म्हणायचे, "ताई, इतकं बोललात तर बिल वाढेल."

दुसऱ्या हिवाळ्यात, पेन्शनला थोडे महिने राहिले असताना, तिकडून सिग्नल, म्हणजे तातडीचा निरोप, आला. परचुरे साहेब पहाटेच्या निरीक्षणाला बाहेर गेले होते. विरळ हवेत छातीत पाणी झालं. धुकं दाट होतं म्हणून हेलिकॉप्टर वेळेवर उतरू शकलं नाही. मॅडमनी तो कागद उभ्यानेच वाचला आणि उभ्याच राहिल्या. भोसले साहेब बाहेर ओट्यावर गेले. त्या दिवशीचा फुगा मी सोडला. वेळ झाली होती.

वैकुंठ स्मशानभूमीत सगळा सेक्शन वर्दीत होता. मी पांढऱ्या सुती साडीत मागे उभी होते. मृणालने रडं आवरून सलामी बघितली.

मी महिनाभर त्यांच्या घरी गेले नाही. कसं जाऊ, कळत नव्हतं. मग एका रविवारी मिलिंदला घेऊन गेले. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वहिनींनी दार उघडलं. "या कौसल्याताई," म्हणाल्या. मी त्यांना कधी भेटले नव्हते, तरी त्यांनी मला ओळखलं.

बसले. पाणी झालं. शेवटी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर साहेब इथेच असते."

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ते हसत होते. मी म्हटलं, बदली आली का? म्हणाले, आली. मग हसताय काय? म्हणाले, आज सगळा सेक्शन मला बरोबर ठरवायला बसला होता, भोसलेसुद्धा. ताईंनी कुणाचं ऐकलं नाही. मी चिडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तुमच्यावरही रागावले होते, खोटं कशाला सांगू."

"रागवाच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "एक विचारू? मला आत्ता सांगा. खरंच काही ऐकू आलं नव्हतं?"

"नाही वहिनी. मला फार वाटत होतं की यावा. नाही आला."

"हं," त्या म्हणाल्या. "मग ठीक आहे. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात तसंच आहे." उठून आत गेल्या. येताना पोह्यांच्या ताटल्या आणल्या. माझ्या ताटलीत खोबरं जास्त घातलं होतं. "खा. गार होतील. आणि आल्यात तर दर महिन्याला या. ह्या घरात आता खरं बोलणारं माणूस राहिलेलं नाही."

मी जात राहिले. अजूनही जाते. मृणालचं लग्न झालं, वहिनींचे गुडघे दुखतात, मी भाजी निवडून देते.

तळावर एक काळा दगड आहे. त्यावर विमान पडून गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. परचुरे साहेबांचं नाव त्यावर नाही, कारण ते जमिनीवर, थर्मामीटर वाचताना गेले. ते बरोबरच आहे, दगड उडणाऱ्यांचा आहे. म्हणून मी इथे लिहून ठेवते. वॉरंट ऑफिसर परचुरे, हवामान सेक्शन. शेवटच्या सकाळी बाहेर गेले त्याआधी त्यांनी आदल्या दिवसाची हजेरी लिहून ठेवली होती. तिथल्या एका सार्जंटने ती वहिनींना सांगितली. अंदाज होता, पहाटे दाट धुकं, हेलिकॉप्टर उतरणार नाही. शेवटच्या शब्दाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, कारण पहाट अजून व्हायची होती.

तो शब्द वहिनींनी मला विचारला. मी म्हणाले, "बरोबर."